चातुर्मास संघाचा शेवटचा सामना

दौलत चेंडू घेऊन सरळ माझ्या अंगावर येत होता. मी गोलात वाकून उभा होतो. आता मारेल, मग मारेल असं म्हणेपर्यंत तो माझ्यापुढे येऊन थांबला आणि त्यानं चेंडू स्टिकखाली दाबून धरला.

"मार की," मी म्हणालो.

"गुरुजी, एखादा मुहूर्त निघंल का?"

"कसला?"

"लग्नाचा. छायाच्या."

मागून रंगा परीट ओरडला, "अरं, खेळायचं का गप्पा हाणायच्या?" पण दौलत हलला नाही. घामानं बनियन पोटाला चिकटलेलं, श्वास वर लागलेला. पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्या वेळी आम्ही सगळेच पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होतो आणि अर्ध्या तासाच्या खेळात सगळ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा.

"दौलत, श्रावण चालू आहे," मी म्हणालो. "तुळशीच्या लग्नापर्यंत थांब. पहिला मुहूर्त तुझा."

"तवर म्हातारी ऱ्हात न्हाई," तो म्हणाला आणि फरशीवर बसला.

मग खेळ थांबला. सगळे भोवती जमले. विचारायला मात्र कोणी पुढे येईना, कारण दौलतच्या पोरीचं लग्न हा विषय काढायचा नाही हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं.

आमच्या या संघाबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही सगळे लग्नाच्या धंद्यातले. मी नरहर ग्रामोपाध्ये, लग्नं लावणारा. दौलत सुतार आचारी. यूनुस मुल्ला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. रंगाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, आणि अरविंद शेटे फोटोग्राफर. आठ महिने आम्ही एकमेकांना रोज भेटायचो, पण बोलायला सवड नसायची. मी अंतरपाटाशी, दौलत भट्टीपुढे, मुल्लाभाई दारात, रंगा शिडीवर, शेटे कॅमेऱ्यामागे. आषाढी एकादशी झाली की देव झोपी जायचे आणि आमचे हात रिकामे व्हायचे. चार महिने लग्न नाही, मुंज नाही. पोटाला चिमटा असायचा, पण पाठ जमिनीला टेकायची.

लहानपणी आमच्या शाळेत हॉकी होती. ते मैदान एस.टी. स्टँडखाली गेलं. पुढे एका वर्षी शेटेचा मेहुणा कॅनडातून आला तो स्टिकांचा जुडगा आणि नारिंगी प्लास्टिकचे चेंडू घेऊन. म्हणाला, तिकडे बर्फावर खेळायला परवडत नाही ते लोक बूट घालून साध्या फरशीवर खेळतात, त्याला डेक हॉकी म्हणतात. शेटे म्हणाला, "बर्फ असून ते बर्फाशिवाय खेळतात, मग आपल्याला काय धाड भरली?" फरशी गावात एकच मोठी होती, मगदूम आप्पांच्या शकुंतला मंगल कार्यालयाची. जेवणाची लोखंडी टेबलं आडवी केली की गोल तयार. वधूपक्षाच्या खोलीतल्या गाद्या मी सुतळीनं पायांना बांधायचो. चेंडू भिंतीला आपटून परत यायचा, त्यामुळे आणायला लांब पळावं लागत नसे. आमच्या वयाला हा खेळ मानवला. नाव पडलं चातुर्मास संघ. पुढे कुरुंदवाडच्या कार्यालयवाल्यांनीही आमचं बघून संघ काढला आणि दरवर्षी त्यांच्याशी एक सामना ठरला. दहा वर्षांत आम्ही तो एकदाच जिंकला होता, तोही त्यांचा गोली जेवण अंगावर येऊन पेंगला म्हणून.

पण आम्हाला ते कार्यालय मिळायचं ते आप्पांच्या नियमामुळे. आप्पा जैन, चातुर्मास कडक पाळणारे. चार महिने कार्यालय भाड्यानं द्यायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक. "माणसाला विसावा लागतो तसा फरशीलाबी लागतो," असं ते म्हणायचे. त्यांच्या मुलाला हे पसंत नव्हतं. लोक आता चातुर्मासातही लग्नं करतात, पंचांगात आपत्कालीन मुहूर्त छापून येतात, मग आपणच दार लावून का बसायचं, हा त्याचा सवाल. आप्पा त्यावर एकच उत्तर देत, "गुरुजी न्हाई म्हणत्यात." आणि मी खरंच नाही म्हणत आलो होतो. कोणी चातुर्मासातला मुहूर्त विचारायला आलं की मी पंचांग न उघडता मान हलवायचो. त्यात शास्त्र किती आणि माझे दुखरे गुडघे किती, हे मला कोणी विचारलं नाही.

दौलतनं पाणी पिऊन सगळं सांगितलं. छाया एकोणतीस वर्षांची होती. दोन ठिकाणी जमून मोडलं होतं. आचाऱ्याची पोर, आई नाही, आणि वय वाढलेलं, एवढं तिला नाकारायला पुरायचं. आता गडहिंग्लजचा मुलगा, वीज मंडळात लाइनमन, त्याला ती पसंत पडली होती. घरात त्याची आजी अंथरुणावर. डॉक्टरांनी आशा सोडलेली. ती गेली तर घरात वर्षभर कार्य नाही, असं मुलाच्या चुलत्यानं स्पष्ट सांगितलं होतं. आणि त्या चुलत्याच्या मनात दुसरीच एक मुलगी होती, हेही दौलतला कळलं होतं.

"वर्षभर कोण थांबतंय?" दौलत म्हणाला. "पोरगी मला काय म्हणत न्हाई. गप ऱ्हाती. परवा भाकऱ्या करताना म्हणाली, दादा, तुमी हजार लग्नांचं जेवान केलं, एक माझंच ऱ्हायलं. हसत म्हणाली. पर मला हसू आलं न्हाई."

मुल्लाभाई माझ्याकडे बघत होते. "गुरुजी," ते हळूच म्हणाले, "बघा की पंचांगात."

"बघायला काय," मी म्हणालो. "पण आप्पांना काय सांगायचं?"

मुल्लाभाईंनी नजर वळवली. आप्पांचा नियम मोडला तर आपलं काय जाईल, हे त्यांनाही कळलं होतं. रंगानं आडवं पडलेलं टेबल उगाच सरळ केलं.

घरी येऊन पंचांग उघडलं. पुढच्याच रविवारी दुपारी बाराच्या आत एक आपत्कालीन मुहूर्त होता. छापलेला, स्वच्छ. मी नाही म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं असंही नाही. गावात दुसरे गुरुजी होतेच. पण दौलत त्यांच्याकडे गेला नसता. तो माझ्याकडे आला होता आणि माझ्या शब्दावर परत गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी आप्पांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते.

"हाय म्हणतासा मुहूर्त?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"एवढी वर्सं नव्हता आनि आता हाय?"

"एवढी वर्षं दौलतच्या पोरीचं लग्न नव्हतं."

आप्पांनी पाय टेकवून झोका थांबवला. "दौलतनं माझ्या चारी पोरांच्या लग्नात हात भाजून घेतलेत," ते म्हणाले. "त्याला न्हाई म्हनायचं माझ्यात बळ न्हाई. पर गुरुजी, एकदा मोडलं की मोडलं. म्होरं पोरगं कुनाला न्हाई म्हनंल? तुमचं ते चेंडू-काठी बंद हुईल."

"माहीत आहे मला."

"आनि बाकीच्यास्नी?"

"त्यांनाही माहीत आहे. बोलत नाहीत एवढंच."

"मग करा," आप्पा म्हणाले.

पुढचा आठवडा आम्ही वेड्यासारखे राबलो. कामाची ताकद नव्हती, पण सवय होती. रंगानं घरचं कापड काढून मंडप सजवला, फुलं मिरजेहून स्वतः आणली. मुल्लाभाईंच्या बँडची पोरं गणपतीच्या सुपाऱ्या घेऊन परगावी गेली होती, तेव्हा ते म्हणाले, "मी एकटा वाजवतो. ताशा नाही तर नाही." दुसरा आचारी मिळेना, सगळे आपापल्या गावी गेलेले. मिळाला असता तरी दौलतनं भट्टीला हात लावू दिला नसता. "रातीपासनं करून ठेवतो, आनि आंघोळ करून मंडपात येतो," असं त्यानं ठरवलं. बायको नसताना कन्यादान कसं, हा प्रश्न त्याला सतावत होता. शास्त्रात सोय आहे, तेवढं माझ्यावर सोड, असं मी त्याला सांगितलं.

आता त्याच रविवारी कुरुंदवाडकरांशी आमचा सामना ठरलेला. शेटेनं त्यांना निरोप धाडला की सामना नाही, लग्न आहे, या. मुलीकडचे म्हणून बसायला माणसं कमीच होती. ते आले, धुतलेले कपडे घालून, आणि बगलेत स्टिका मारून. त्यांचा कप्तान म्हणाला, "वरात गेल्यावर फरशी मोकळीच असती न्हवं?"

लग्नाच्या दिवशी सकाळी गडहिंग्लजची मंडळी आली. आजीला जीपमधून उशांच्या आधारानं आणलं होतं. तिला निजवायला काही मऊ हवं म्हणून मी माझ्या गोलकीपिंगच्या दोन्ही गाद्या तिच्याखाली घातल्या. म्हातारीनं एक डोळा उघडून विचारलं, "भटजी, ही गादी कशानं एवढी चेपलीया?" मी म्हणालो, "वापरातली आहे, आजी." ती म्हणाली, "मग बरीय."

सगळं वेळेवर चाललं होतं. दौलत आंघोळ करून पांढरं धोतर नेसून आला, पण मसाल्याचा वास अंगावरून गेला नव्हता. मुल्लाभाई दारात वाजवत होते. शेटे फोटो काढत होता. रंगा शिडीवर चढून निसटलेली माळ बांधत होता. अक्षता वाटून झाल्या. मुलगा पाटावर उभा राहिला. मुलाच्या दोन भावांनी अंतरपाट धरला. मुहूर्ताला थोडीच मिनिटं उरली होती. मी माइक हातात घेतला आणि तीस वर्षं जे म्हणत आलो तेच म्हणालो.

"मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं."

वधूच्या खोलीचं दार उघडलं. छाया दारात उभी होती. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातात माळ. तिच्या शेजारी कोणी नव्हतं.

मला तेव्हा कळलं. छायाचे मामा दौलतच्या घराची पायरी चढत नव्हते. त्यांची बहीण गेली त्या दिवशी दौलत एका मोठ्या लग्नात भट्टीपुढे होता. तिनं सकाळी त्याला जा म्हटलं होतं, दुपारी ती गेली, आणि पाचशे पानं वाढून झाल्याशिवाय कोणी त्याला सांगितलं नाही. भाऊ ते कधी विसरले नाहीत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि तरी आठवडाभर कोणाच्या डोक्यात आलं नाही की मुलीला मामा लागेल. कारण फुलं, जेवण, फोटो, वाजप हे आमचं काम. मामा, काका, आत्या ज्याचं लग्न असेल त्यानं आणायचे असतात. आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात राबलेली माणसं. आपल्या घरचं लग्न असलं की पाहुणेही आपणच व्हायचं असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

कोणीतरी कुजबुजलं. मुलाचा तो चुलता मोठ्यानं म्हणाला, "मामा कुठायत हो मुलीचे?"

दौलतनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याला भाजताना पाहिलं, चक्कर येऊन पडताना पाहिलं, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. छायानं मान खाली घातली आणि एक पाऊल मागे घेतलं. ती आता आत जाणार आणि दार लावून घेणार असं मला वाटलं.

क्लॅरिनेट मधेच थांबलं. मुल्लाभाईंनी ते खुर्चीवर ठेवलं, टोपी सारखी केली आणि खोलीकडे चालू लागले. त्यांना बघून रंगा शिडीवरून उतरला, बांधायची माळ तशीच गळ्यात अडकलेली. शेटेनं कॅमेरा गळ्यातून काढून आप्पांच्या मांडीवर ठेवला. मग कुरुंदवाडचा कप्तान उठला आणि त्याच्यामागून त्यांचा गोली, तो पेंगणारा.

मुल्लाभाईंनी छायाच्या डोक्यावर हात ठेवला. "चल बेटा," ते म्हणाले, "गुरुजींचा मुहूर्त चुकेल."

ती रडायला लागली. रंगा म्हणाला, "रडू नगंस. फोटू बिघडंल म्हनलं असतं, पर शेटेबी हिकडंच आलाय."

चुलता माझ्यापाशी आला. "हे मामा?" त्यानं विचारलं. "सख्खे?"

"किती वाजले बघा," मी म्हणालो. "मुहूर्त टळला तर पुढचा तुळशीच्या लग्नानंतर."

तेवढ्यात गादीवरून म्हातारीचा आवाज आला. "आरं, पोरीला आनत्यात न्हवं मंडपात? मग उभा का तू? बस खाली." चुलता बसला.

पाच जण छायाला घेऊन आले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ना वाजप, ना फोटोचा लखलखाट. फक्त त्यांच्या पावलांचा आवाज. मलाही त्यांच्यात जावंसं वाटलं. ती पोर माझ्याही डोळ्यांपुढे वाढली होती. शाळेत असताना गोलामागे बसून चेंडू आणून द्यायची. पण मी जागा सोडली असती तर मंगलाष्टकं कोणी म्हटली असती? मी तिथंच उभा राहिलो आणि म्हणायला लागलो. तोंडाला सवय असते. ते आपलं आपण म्हणतं.

लग्न लागलं. दौलतनं एकट्यानं कन्यादान केलं. मग आम्ही त्याला पहिल्या पंगतीत बसवलं, व्याह्याच्या शेजारी, आणि वाढायला आम्हीच उभे राहिलो. सगळ्या आयुष्यात त्यानं लग्नाच्या पंगतीत बसून खाल्लेलं ते पहिलं जेवण. चौथ्या घासाला म्हणाला, "आमटीत मीठ कमी पडलंय," आणि उठायला लागला. रंगानं खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

वरात गेली. छाया जीपमध्ये बसली, म्हातारीचं डोकं तिच्या मांडीवर. ती म्हातारी पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि त्या चुलत्याला तिनं शेवटपर्यंत ताळ्यावर ठेवलं.

मग कुरुंदवाडकरांनी स्टिका काढल्या. आम्ही इतके थकलो होतो की नाही म्हणायलाही जीवावर आलं. टेबलं आडवी केली. फरशीवर सगळीकडे अक्षता पडलेल्या. चेंडू तांदळावरून उड्या मारत वेडावाकडा जायचा, पाय घसरायचे. कोणाचा गोल कोणी मारला ते कोणी मोजलं नाही. माझ्या पायांना गाद्या नव्हत्या, त्या जीपमध्ये गेल्या होत्या. आप्पा खुर्ची टाकून भिंतीशी बसले होते. इतक्या वर्षांत ते कधी खेळ बघायला आले नव्हते.

दौलत धोतर खोचून खेळला थोडा वेळ. मग माझ्या गोलाशी आला आणि आडव्या टेबलाला पाठ लावून खाली बसला. चेंडू दोनदा त्याच्या पायाशी आला, त्यानं ढकलला नाही.

"गुरुजी," तो म्हणाला, "पुढच्या वर्साला आपुन न्हाई न्हवं?"

"नाही बहुतेक."

"तुमी मुहूर्त न्हाई म्हनला असता तर?"

"तर खेळ राहिला असता, पण त्यातून तू बाद झाला असतास," मी म्हणालो. "उठ, चेंडू आला."

तो उठला नाही.

पुढच्या चातुर्मासात शकुंतला कार्यालयात पाच लग्नं झाली. त्यातली तीन मीच लावली. आप्पा गेले, मग मुलानं फरशीवर गालिचा टाकला आणि बारा महिने दार उघडं ठेवलं. आमची पाठ पुन्हा जमिनीला टेकली नाही. आषाढ आला की गुडघे आपोआप दुखायचे, बस इतकंच. दौलत भट्टीपुढेच गेला, रंगा नंतर. मुल्लाभाईंना आता फुंकर जमत नाही. स्टिकांपैकी एक माझ्या दाराला अडसर म्हणून आहे.

मागच्या महिन्यात छाया आली होती, तिच्या मुलीला घेऊन. मुलीचं ठरलंय. बरोबर लग्नाचा अल्बम आणला होता, लेकीला तिचा आजोबा दाखवायला म्हणून. शेटेनं काढलेला एकेक फोटो सुरेख. दौलत धोतरात. रंगा शिडीवर. मुल्लाभाई दारात गाल फुगवून. पाटावर उभा नवरा, समोर अंतरपाट. आणि त्यानंतर एकदम हार घातलेले.

मुलीनं पान मागे उलटलं, पुढे उलटलं.

"आई, तू मंडपात येतानाचा फोटो कुठाय? तो तर सगळ्यांच्या अल्बमात असतो."

छाया माझ्याकडे बघून हसली.

"काढणार कोण?" ती म्हणाली. "सगळे मला आणायला आले होते."